मनीचं किडनीवालं खाणं – माझा अनुभव
आमची मांजर मनी १२ वर्षांची, पाणी फार प्यायला लागली, वजन उतरलं म्हणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) १.९, डॉक्टर म्हणाले किडनीची सुरुवात असू शकते, लघवी नि बीपी पण बघू. बरेच जण प्रोटीन बंद करा सांगतात पण मांजराला मांस लागतंच ना, खरी भानगड फॉस्फरसची, किडनी थकली की तो रक्तात साठतो. सुकटीत तो भरपूर, म्हणून सुकट बंद (घरात नुसती बोंबाबोंब!). रीनल वेट फूड (किडनीच्या मांजरांसाठीचं, फॉस्फरस कमी असलेलं ओलं खाणं) आणलं तर बाईसाहेब हुंगून, वाटीभोवती माती ओढल्यासारखा पंजा फिरवून चालत्या झाल्या. मग जुन्या खाण्यात चमचाभर मिसळायचं, कोमट करून द्यायचं, असं हळूहळू वाढवलं. भूक लागली की खाईल म्हणून उपाशी ठेवू नका हां, मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हरवर येतं. आता वाटी चाटूनपुसून साफ करते, रक्तातला फॉस्फरस ४.२ आलाय म्हणजे आटोक्यात, क्रिएटिनिन तेवढंच आहे.