कापड किती घ्यायचं? दुकानात जाण्याआधी या चुका टाळा

एका प्रदर्शनात हातमागाचं निळं सुती कापड दिसलं आणि मी भावसुद्धा न करता घेतलं. कुर्त्याला अडीच मीटर, हे पाठच होतं. घरी आणून भिजवलं, वाळवलं, इस्त्री केली, जमिनीवर अंथरलं, आणि तेव्हा कुठे पट्टी लावून पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मोजला: 36 इंच. पाठ निघाली, पुढचा भाग निघाला आणि खाली उरली जेमतेम तीन इंचांची पट्टी. बाह्या कशातून काढणार? त्या कुर्त्याला शेवटी पांढऱ्या बाह्या लागल्या. लोक अजून म्हणतात, 'कॉम्बिनेशन काय छान केलंय!' मी गप्प बसते.

कापड कमी पडायचं सगळ्यात मोठं कारण हेच. आपण 'किती मीटर' विचारतो, 'पन्हा किती' हे विचारत नाही. दुकानातला पहिला प्रश्न पन्ह्याचा हवा, भाव नंतर.

आकडे मांडून बघा. 42 इंच उंचीचा कुर्ता आहे. खांद्याची शिलाई आणि खालची दुमड धरून एक भाग 46 इंच लांब होतो. घेर, माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) सगळं धरून रुंदी 25 इंच समजा. बाही माया धरून 16 इंच रुंद, 18 इंच लांब.

पन्हा 36 असेल तर एका रुंदीत एकच भाग बसतो. पाठ आणि पुढचा भाग एकाखाली एक, म्हणजे 92 इंच. बाजूला 11 इंचांची पट्टी उरते, तिच्यात बाही बसत नाही. बाह्यांसाठी खाली आणखी 18 इंच हवेत. झाले 110 इंच, म्हणजे पावणेतीन मीटरच्या थोडं वर. तीन मीटरच घ्या. पन्हा 44 असेल तर बाजूची पट्टी 19 इंचांची होते, दोन्ही बाह्या तिच्यातच निघतात आणि अडीच मीटरमध्ये काम होतं. 58 च्या पन्ह्यात पाठ आणि पुढचा भाग शेजारी शेजारी बसतात, खाली बाह्या, एकूण 64 इंच. पावणेदोन मीटर पुरे. कुर्ता तोच, माप तेच, आणि फरक सव्वा मीटरचा. दुकानदार 'अडीच घ्या ताई' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 44 चा पन्हा असतो. त्याचं चुकत नाही, आपण विचारत नाही.

दोन्ही कडांचा अर्धा-अर्धा इंचही हिशोबातून वजा करा. तिथली वीण घट्ट असते, कधी भोकं असतात.

हे गणित डोक्यात मांडायचा कंटाळा येत असेल तर एक जुनी युक्ती आहे. चादर 36 किंवा 44 इंच रुंदीला दुमडून जमिनीवर पसरायची आणि अंगाला बरोबर बसणारा जुना कुर्ता तिच्यावर ठेवायचा. पाठीची जागा, पुढच्या भागाची जागा, बाह्यांची जागा खडूने आखायची. कडेने सगळीकडे दीड इंच माया सोडायची, खाली दुमडीला तीन. जिथे आखणी संपली तिथपर्यंत टेप लावला की उत्तर मिळालं. मी अजूनही लेहंग्यासाठी हेच करते.

आटण्याचा हिशोब

सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटतं, आणि जास्त करून लांबीत. अडीच मीटरमधले आठ-दहा सेंटिमीटर तिथेच गेले. म्हणून सुती, खादी, रेयॉन घेताना दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त घ्यायचे आणि बेतण्याआधी कापड भिजवायचं. जॉर्जेट, पॉलिस्टर जवळजवळ आटत नाही. अस्तर मात्र हमखास विसरतात. अस्तर न भिजवता लावलं की पहिल्या धुण्यात ते आखडतं आणि वरचं कापड फुगून सुरकुत्या पडतात. मग कितीही इस्त्री फिरवा. अस्तराचा पन्हा बऱ्याचदा 36 असतो, तेव्हा वरच्या कापडाचंच माप अस्तराला लावू नका.

कळ्या आणि डिझाइनची दिशा

कळीदार घागऱ्यात माणसं सगळ्यात जास्त फसतात. कळी म्हणजे वर अरुंद, खाली रुंद असा घागऱ्याचा उभा तुकडा. ती वर 5 इंच, खाली 14 इंच, उंची 42 धरा, एकूण आठ कळ्या. 44 च्या पन्ह्यात त्या उलटसुलट मांडल्या तर एका ओळीत चार बसतात, दोन ओळींत काम, 84 इंच. पण कापडावर मोर असतील आणि ते सगळे उभेच दिसायला हवे असतील, तर कळ्या एकाच दिशेने मांडाव्या लागतात. एका ओळीत तीनच बसतात, ओळी तीन, 126 इंच. मीटरभराहून जास्त फरक! मखमलीचंही तेच: तिच्यावरची मऊ लव उलटी झाली की दोन कळ्या दोन वेगळ्या रंगांच्या वाटतात. मोठे चेक्स जुळवायचे असतील तर दर भागामागे एका चौकटीएवढं कापड जादा धरा.

ब्लाउजपीसचे 80 सेंटिमीटर

साडीला जोडून येणारं ब्लाउजपीस बहुधा 80 सेंटिमीटरचं असतं, म्हणजे साडेएकतीस इंच. पाठ आणि पुढच्या भागाला 16 इंच गेले की बाह्यांसाठी पंधरा-साडेपंधरा इंच उरतात. कोपरापर्यंतची बाही सुखाने निघते. पाऊणबाही हवी असेल तर मायेसकट सतरा-अठरा इंच लागतात, ती निघत नाही. टेलरला दोष देण्याआधी हे बघा. खणाचा ब्लाउज शिवायचा असेल तर पन्हा मोजल्याशिवाय हो म्हणू नका. कर्नाटकातल्या गुळेदगुडचा हातमागाचा खण अरुंद असतो, यंत्रमागावरचा रुंद.

आजी किंवा मावशी 'अडीच वार' म्हणाली तर ते मीटर नव्हेत. वार 36 इंचांचा, मीटर 39 इंचांहून थोडा जास्त. अडीचमध्ये वीस-एकवीस सेंटिमीटरचा फरक पडतो.

आणि तरीही कमी पडलं तर

कात्री लावण्याआधी एकदा सगळं मांडून बघा. गळ्याच्या आतली पट्टी, खालची दुमड, खिशाची पिशवी यांना दुसरं कापड चालतं, बाहेरून दिसत नाही. बाही बगलेशी अडत असेल तर तिथे छोटा जोड द्या, हात खाली असताना तो झाकला जातो. उंची कमी पडली तर खाली काठ लावा. पाठीत मधोमध शिवण घेतली तर अरुंद तुकड्यांतूनही पाठ निघते. बाही आडवी बेतायचा मोह मात्र डिझाइन आणि कापडाची ओढ (ते कुठल्या बाजूने ताणतं) बघूनच करा.

पुन्हा दुकानात जायची वेळ आली तर कापडाची चिंधी सोबत न्या. 'तोच रंग' दुसऱ्या ताग्यात थोडा वेगळा निघतो आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ते कळत नाही. तागा दारापर्यंत न्यायला सांगा, चिंधी त्याला लावून उन्हात धरा, मग फाडायला सांगा.