अंदमानला कॅमेरा नेताय? या चुका टाळा

जानेवारीतली संध्याकाळ, हॅवलॉक बेटाचा राधानगर किनारा. पावणेसहा वाजत आले होते. गाडीतून पुण्याचं एक कुटुंब लगबगीने उतरलं. काकांच्या खांद्यावर नवाकोरा ट्रायपॉड, मुलीच्या गळ्यात चांगला भारी कॅमेरा. झाडीतून वाळूवर येऊन पाहतात तो सूर्य केव्हाच बुडालेला, वरची लालीही विझून आभाळ राखाडी झालेलं. "अहो, सूर्यास्त सव्वासहा-साडेसहाला ना?" काकांनी मला विचारलं. त्यांचा चेहरा पाहून फार वाईट वाटलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची परतीची बोट होती.

अंदमानातल्या फोटोंचं नुकसान बहुतेक वेळा असंच होतं. कॅमेरा बरा असतो, नजरही बरी असते, पण घड्याळ, भरती-ओहोटी आणि हवेतला दमटपणा या तिघांचा हिशेब घरून केलेला नसतो.

मुंबईचं घड्याळ घेऊन जाणं

आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळपास दहा अंश, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) पूर्वेला तितकंच. एका अंशाला चार मिनिटं धरली तर दोन्ही ठिकाणांत सुमारे ऐंशी मिनिटांचा फरक पडतो, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, जानेवारीच्या मध्यावर सव्वापाचला. सकाळी पावणेसहाच्या आत उजाडलेलं असतं. शिवाय विषुववृत्त जवळ असल्यामुळे संधिप्रकाश रेंगाळत नाही, रंग भराभर उतरतात.

म्हणून राधानगरला दुपारी साडेतीनपर्यंत पोहोचा. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि जेट्टीपासून बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे, हे बोटीचं तिकीट काढतानाच लक्षात ठेवा. सूर्योदयासाठी त्याच बेटावरचं काला पत्थर बरं, ते पूर्वेला आहे. आणि "नाश्ता करून नऊला निघू" हा बेत सोडून द्या. तिथले नऊ म्हणजे उन्हाच्या हिशेबाने मुंबईचे सव्वादहा होऊन गेलेले असतात, सावल्या कडक झालेल्या असतात. सूर्य साडेअकराच्या आसपास डोक्यावर येतो. जेवण, झोप, बॅटऱ्या चार्ज करणं हे सगळं अकरा ते दोनमध्ये उरका.

भरती-ओहोटी न पाहता जागा ठरवणं

नील बेटावरची दगडी कमान, जिला तिथे सगळे हावडा ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच नीट पाहता येते. भरती असेल तर खालचा खडक पाण्यात असतो आणि कमानीपर्यंत चालत जाता येत नाही. याउलट खारफुटीची मुळं आरशासारख्या पाण्यात हवी असतील, तर भरती हवी. ओहोटीला तिथे नुसता चिखल दिसतो.

कोकणातल्या वाचकांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा हिशेब ठाऊक असेल. तो आपल्या किनाऱ्याचा, अंदमानला तो लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी असते, तेव्हा पोर्ट ब्लेअरचं कोष्टक बघा. उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) यांचा नियम मात्र तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, जवळपास दोन मीटरचा फरक पडतो. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला मिळालेली ओहोटी परवा पावणेनऊला असेल आणि तोवर सकाळचा मऊ उजेड गेलेला असेल. मी आधी ओहोटीची वेळ सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उजेडाशी जुळवतो आणि मग बेटांचा क्रम ठरवतो. हॉटेलचं बुकिंग त्यानंतर.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर चालताना पायाखाली जिवंत प्रवाळ नाही ना, हे प्रत्येक पावलाला पाहा. एका फ्रेमसाठी वीसेक वर्षांची वाढ टाचेखाली मोडणारे लोक मी पाहिलेत, आणि ते पाहवत नाही.

एसीतून थेट बाहेर

बाराटांगच्या जेट्टीवर मी हा धडा शिकलो. पहाटेपासून एसी गाडीत प्रवास झाला होता आणि कॅमेरा पायाशी पिशवीत होता. उतरलो, होडीत बसलो. खाडीच्या पहिल्याच वळणावर खारफुटीच्या मुळावर खंड्या बसलेला, चोचीत खेकडा. कॅमेरा डोळ्याला लावला तर समोर नुसतं दूध. लेन्स पुसली, चार सेकंदांत पुन्हा धुरकटली. खेकडा मुळावर आपटून, गिळून खंड्या उडून गेला आणि मी पुसतच राहिलो.

तिथली हवा इतकी दमट असते की बावीस-तेवीस अंशांना थंड झालेल्या काचेवर दव धरतंच. पुसून ते जात नाही, कारण काच अजून थंडच असते. उलट मिठाचे कण घासले जाऊन काचेवर चरे पडतात. उपाय साधा आहे. बाहेर पडायच्या तासभर आधी खोलीतला एसी बंद करा, किंवा कॅमेऱ्याची पिशवी रात्रीच बाल्कनीच्या आतल्या बाजूला, एसीचा झोत लागणार नाही अशी ठेवा. गाडीतून जाताना कॅमेरा झिपच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि उतरल्यावर अर्धा तास ती उघडू नका. दव धरायचंच असेल तर पिशवीच्या बाहेरून धरेल. दव धरलेलं असताना लेन्स बदलू नका, आतल्या सेन्सरवर ओल बसली तर काम वाढतं.

दमटपणाची दुसरी खोड बुरशीची. सहलीहून आल्यावर पिशवी तशीच कपाटात गेली, तर पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात. सिलिका जेलच्या पुड्या सोबत न्या. नारिंगी दाणे हिरवे झाले किंवा निळे गुलाबी झाले की त्यांनी पाणी प्यालं असं समजा. तव्यावर मंद आचेवर परतले की मूळ रंगावर येतात.

खारं पाणी सुकू देणं

स्पीडबोटीत तोंडावर उडालेले चार थेंब निरुपद्रवी वाटतात. सुकल्यावर त्यांचं मीठ होतं आणि ते बटणांच्या, लेन्सच्या कड्यांच्या फटीत बसतं. रोज रात्री गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसा, मग कोरड्याने. ट्रायपॉडचे पाय नळाखाली धुवा आणि सांधे उघडून वाळवा. होडीत लेन्स बदलायची गरजच पडू नये म्हणून बसण्याआधी ठरवून एकच लावा.

कॅमेरा समुद्रात पडलाच, तर चालू होतोय का हे पाहायचा मोह आवरा. आधी बॅटरी आणि कार्ड काढा. तांदळात पुरून काही साधत नाही, तांदळाची भुकटी तेवढी आत जाते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ टिपा, सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर दुरुस्तीला द्या.

पांढरी वाळू राखाडी, काळा पक्षी नुसता ठिपका

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरच्या सगळ्याची सरासरी मध्यम करड्या रंगाकडे ओढतं. त्यामुळे पांढरी वाळू मळकी येते आणि उजळ आभाळासमोरच्या फांदीवरचा गरुड काळा ठिपका होतो. दोन्हीला इलाज एकच, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, वाढवायचं. वाळूला साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड), आभाळासमोरच्या पक्ष्याला दीड-दोन. घनदाट रानातल्या सावलीत पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड असेल, तर उलट कमी करायचं, नाहीतर पोटाची पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी येतात. उन्हात कॅमेऱ्याचा पडदा फसवतो, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा.

पोलरायझर या लेन्सवर लावायच्या फिल्टरने पाण्यावरची चकाकी जाते आणि उथळ पाण्यातला हिरवा-निळा उलगडतो. पण वाइड लेन्सवर तो लावून आभाळ घेतलंत, तर निळ्याच्या मधेच एक काळपट पट्टा उमटतो आणि तो नंतर सहज निघत नाही.

पाण्याखाली पहिला जातो तो लाल रंग, काही मीटरांतच. स्नॉर्केलिंग करताना लांबून झूम करू नका, कारण मधलं पाणी रंग खातं आणि तरंगणारे कण उठून दिसतात. शरीर स्थिर ठेवून, प्रवाळाला न शिवता जितकं जवळ जाता येईल तितकं जा.

"अंदमानचं वन्यजीवन" म्हणून हरणाचा फोटो

रॉस बेटावरची चितळं सगळ्यांच्या अल्बममध्ये असतात. गोड दिसतात, माणसाच्या जवळ येतात. पण चितळ इथलं नव्हेच, ब्रिटिशांनी ते मुख्य भूमीवरून आणलं. इतर बेटांवर पसरलेल्या चितळांनी रानातली कोवळी रोपं खाऊन नुकसानही केलंय. फोटो जरूर काढा, बिस्किटं देऊन मात्र काढू नका आणि खाली "अंदमानचं हरीण" असं लिहू नका.

खरं अंदमानचं काय ते बहुधा तुमच्या खोलीच्या व्हरांड्यात असतं. सुपारीच्या खोडावर, केळीच्या पानामागे, कधी भिंतीवर हिरवीगार पाल दिसते, पाठीवर तांबडे ठिपके. ही अंदमानची दिनचर पाल. आपल्या घरातल्या पालींसारखी रात्री नाही, दिवसा हिंडते. तिचे जवळचे भाऊबंद थेट मादागास्कर आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर राहतात, मधे एवढा हिंदी महासागर! सहाशे मिलिमीटरची लेन्स घेऊन आलेले लोक तिच्याकडे न पाहता पुढे जातात. मी एकदा एका केळीपाशी पाऊण तास बसलो. आधी ती पानाच्या मागे सरकली, मग एक डोळा कडेवरून बाहेर, मग डोकं, मग उन्हाचा कवडसा पडला तिथे येऊन पसरली. पाठीवर ऊन पडल्यावर तो हिरवा रंग आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. साधी मॅक्रो (अगदी जवळचं टिपणारी) लेन्स, शटर १/२५० आणि तिच्या डोळ्याच्या उंचीवर बसण्याची तयारी, एवढंच लागलं.

चिडिया टापूच्या रानात इथलीच अशी टकाचोर, भारद्वाज, कोतवालाची जात आहे, घुबडं आहेत. तिथली मोठी चूक म्हणजे मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा शिरला. तो चारा सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो आणि हे दिवसातून दहा पर्यटक करतात. घुबडाच्या डोळ्यांवर टॉर्चचा झोत रोखून धरणंही तसंच क्रूर. गाइड म्हणाला "लावू का आवाज?" तर नको म्हणा.

दिगलीपूरजवळ कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आपल्याकडे मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पिल्लं समुद्रात जाताना ज्यांनी पाहिली, त्यांना तिथली शिस्त ठाऊक आहे. इथेही तीच. फ्लॅश नाही, पांढरा उजेड नाही, मोबाइलचा पडदाही नाही. मादी वर येताना उजेड दिसला तर अंडी न घालता मागे फिरते आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भलतीकडेच जातात. रात्री कॅमेरा पिशवीतच राहू द्या, डोळ्यांनी पाहा. पहाटे परत या. वाळूवर तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचे आलटून-पालटून उमटलेले ठसे तिरप्या उन्हात इतके खोल दिसतात की तोच फोटो घरी आल्यावर भिंतीवर लागतो.

खाड्यांच्या काठाला लोळण घेऊन खालच्या कोनातून फोटो काढू नका. खाऱ्या पाण्यातली मगर इथे खरोखर आहे. मगरीची पाटी असेल तिथे पाण्यापासून लांब राहा, संध्याकाळी तर नक्कीच.

जिथे कॅमेरा बाहेर काढायचाच नाही

बाराटांगचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव रानातून जातो. गाड्या ताफ्याने, न थांबता जातात. तिथे जारवांचे फोटो किंवा व्हिडिओ काढणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते करायचं नसतं. आपल्या घरातून जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांतून अनोळखी लोक आपल्या मुलांचे फोटो काढत असतील, तर कसं वाटेल? जिरकाटांगच्या तपासणी नाक्यावर कॅमेरा आणि फोन दोन्ही पिशवीत टाका. ड्रोनचंही तसंच, परवानगी हातात नसेल तर घरीच ठेवा. शिंपले-प्रवाळ उचलून फोरग्राउंडला मांडलेत, तर जिथून घेतले तिथेच परत ठेवा. शंख उचलण्याआधी उलटा करून पाहा, आत खेकड्याचा संसार असतो.

फोटोखाली काहीतरीच लिहिणं

चिडिया टापूच्या पाण्यात उभे वाळलेले वृक्ष सगळ्यांना आवडतात. "गूढ किनारा" वगैरे मथळे पडतात. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि दक्षिण अंदमान खाली खचलं. समुद्राचं पाणी आत आलं आणि अशी कितीतरी झाडं उभ्या उभ्या मेली. सिप्पीघाटला लोकांची भातशेती पाण्याखाली गेली ती कायमची. ज्यांची जमीन गेली ते लोक अजून तिथेच राहतात. त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढताना दोन शब्द बोला, विचारा.

सिप्पीघाटच्या त्याच बुडालेल्या शेतांत आता अंदमान टील दिसतं, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं तपकिरी बदक. सकाळी सहाला रस्त्याच्या कडेला गाडीतच बसून राहा, दार उघडू नका, लेन्स खिडकीच्या कडेवर टेकवा. जोडी बहुधा बांधाजवळून पोहत येते. तो बांध एके काळी भाताचा होता, तो फ्रेममध्ये राहू द्या.