नव्या क्लस्टरवर रिस्टोअर केल्यावर ‘रोल अस्तित्वात नाही’: माझा अनुभव

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा बॅकअप नव्या क्लाउड क्लस्टरवर (एका सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसच्या संचावर) चढवला. टेबलं आली, डेटाही आला, पण सगळ्यांची मालकी अ‍ॅडमिनकडे गेली आणि अ‍ॅप्लिकेशनला ‘परवानगी नाकारली’ एवढंच उत्तर मिळू लागलं. ‘नो-ओनर’ (रिस्टोअर करताना जुनी मालकी न लावण्याचा पर्याय) लावून मालकीच्या एरर थांबल्या, परवानग्या काही आल्या नाहीत. फार वैताग आला.

कारण असं: पीजी-डंप हे बॅकअपचं साधन एकाच डेटाबेसचा बॅकअप घेतं, रोल (म्हणजे वापरकर्ते आणि त्यांचे गट) मात्र संपूर्ण क्लस्टरचे असतात, म्हणून ते त्यात येत नाहीत.

आधी जुन्या क्लस्टरवर पीजी-डंपऑल (संपूर्ण क्लस्टरचा बॅकअप घेणारं साधन) ‘ग्लोबल्स-ओन्ली’ (फक्त रोलसारख्या सामायिक गोष्टी) आणि ‘नो-रोल-पासवर्ड्स’ (पासवर्ड वगळून) हे पर्याय देऊन चालवा. दुसरा पर्याय विसरू नका, कारण क्लाउडवरच्या अ‍ॅडमिनला पासवर्डचा तक्ता सहसा वाचता येत नाही. त्या फाइलमधून क्लाउडचे स्वतःचे रोल, टेबलस्पेसच्या (डेटा डिस्कवर कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या) ओळी आणि सुपरयूजर, रेप्लिकेशनचे उल्लेख काढा, ‘नो’ने सुरू होणारेसुद्धा. ती नव्या क्लस्टरवर चालवून पासवर्ड नव्याने द्या. मग मालकी असलेला प्रत्येक रोल अ‍ॅडमिनला ग्रँट करा, म्हणजे अ‍ॅडमिनला त्या रोलचा सदस्य करा. अडतं ते इथेच: सदस्यत्वाशिवाय मालकी बदलता येत नाही. त्यानंतरच टेम्प्लेट-झिरो या पोस्टग्रेसच्या कोऱ्या साच्यावरून रिकामा डेटाबेस बनवा आणि पीजी-रिस्टोअर ‘एक्झिट-ऑन-एरर’सह (पहिल्याच एररला थांबण्याचा पर्याय) चालवा. शेवटी अ‍ॅनालाइझ (आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवा, कारण आवृत्ती 17 पर्यंतच्या डंपमध्ये प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी येत नाही.