कोळसा खाणीतला टीईएम सर्व्हे: देखण्या कर्व्हला भुलू नका

जिओफिजिक्स करून कोळशात आलात, की कधी ना कधी हे काम गळ्यात पडतंच: बंद पडलेल्या जुन्या कामांत (खणून सोडून दिलेल्या भागांत) पाणी साचलंय का, ते टीईएमने बघून द्या. टीईएम म्हणजे ट्रान्झियंट इलेक्ट्रोमॅग्नेटिक: जमिनीवर तारेचा लूप टाकायचा, त्यातला करंट एकदम तोडायचा आणि जमिनीतून येणारा विरत जाणारा सिग्नल मोजायचा; त्याचाच कर्व्ह. हलक्यात घेऊ नका. २७ डिसेंबर १९७५ला धनबादजवळ चासनाल्यात जुन्या कामांतलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि ३७५ माणसं गेली.

तत्त्व तुम्हाला येतंच. खाणीचं पाणी क्षारांमुळे वीज चांगली वाहून नेतं, म्हणून पाण्याने भरलेला गोफ (कोळसा काढून उरलेली पोकळी) कमी रेझिस्टिव्हिटीचा, म्हणजे विजेला कमी अडवणारा, दिसतो आणि कोरडा जास्त. परीक्षेपुरतं एवढं पुरतं.

मला खाल्लं ते तारांनी. रीडिंग घेताना खडखडीत, वरखाली नाचणारा कर्व्ह आला तर घाबरू नका; तो कोणीही ओळखतो आणि टाकून देतो. घात करतो तो गुळगुळीत कर्व्ह. विजेच्या लाइनला ठिकठिकाणी अर्थिंग असतं. तार, अर्थिंग आणि मधली जमीन मिळून एक बंद सर्किट होतं, तुमच्या लूपमुळे त्यातही करंट फिरतो आणि त्याचा सिग्नल जमिनीच्या सिग्नलमध्ये बेमालूम मिसळतो. इन्व्हर्जन (कर्व्हवरून जमिनीचं मॉडेल काढणं) खुशाल जुळतं, एररही कमी येते आणि खोलवर झकास ‘पाणी’ दिसतं. हा डेटा कुठल्याही फिल्टरने दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. म्हणून लाइन, पाइप, रूळ, कन्व्हेयर यांच्यापासून निदान शंभर-दीडशे मीटर लांब राहा. खडक जास्त रोधक असेल तर आणखी लांब. शंका आली तर लूप सरकवून पुन्हा घ्या. ‘पाणी’ लाइनच्या कडेकडेनेच चालायला लागलं, तर समजून जा.

सेक्शन (जमिनीचा उभा छेद) रंगवून देणारे सीनियर पुष्कळ भेटतील. माझं मत विचाराल तर चिखलात केबल ओढणाऱ्या टेक्निशियनच्या मागे फिरा, जास्त शिकाल. सुरुवातीला सगळे कर्व्ह सारखेच दिसतात, मलाही दिसायचे. नजर बसते हळूहळू.

तारा नसल्या तरी चिकणमाती आणि शेलही पाण्यासारखेच दिसतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘पाणी आहे’ असं बोअर मारल्याशिवाय लिहू नका. ‘पाणी नाही’ तर मुळीच नको. शंभर मीटर खोलीवरची एकटी गॅलरी (खाणीतला बोगदा) वरच्या लूपला दिसतच नाही, आणि मॅनेजर मात्र तुमच्या त्या एका ओळीवर फेस (कोळसा खणायची पुढची भिंत) पुढे नेतो.