आवडतं कार्टून बघताना मुलगा-मुलगीचे साचे कसे ओळखायचे (मोठ्या फॅन्ससाठी)

मोठं होऊनही मनापासून कार्टून बघणारे खूप जण आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना कधी ना कधी खटकतंच की यातल्या मुली अशाच का आणि मुलं तशीच का, पण हे बोलून दाखवलं की बाकीचे फॅन्स लगेच म्हणतात अरे लहान मुलांचं कार्टून आहे, कशाला एवढा विचार. मला वाटतं लहान मुलांचं आहे म्हणूनच विचार करायचा, कारण आपण एपिसोड एकदा बघून पुढे जातो आणि लहान मूल तोच एपिसोड परत परत लावायला सांगतं, डायलॉगसकट पाठ करतं. यासाठी कार्टून आवडणं सोडायची काही गरज नाहीये, फक्त बघायची पद्धत जरा बदलायची.

सुरुवात एपिसोड निवडण्यापासून. गाजलेला एपिसोड घेऊ नका, साधे तीन-चार घ्या, कुठलेही. 'आज मुलगी हिरो' असा एखादा स्पेशल एपिसोड बहुतेक सिरीजमध्ये सापडतो आणि फॅन्स वाद घालताना तोच पुढे करतात, पण लिहिणाऱ्यांची खरी सवय रोजच्या एपिसोडमध्ये दिसते, जिथे कोणी मुद्दाम काही सिद्ध करायला बसलेलं नसतं.

मग पहिली पाच मिनिटं आवाज म्यूट करून बघा. प्राणी असोत, गाड्या असोत, रोबो असोत, मादी कोण हे तुम्हाला कशावरून कळलं? लांब पापण्या, डोक्यावर बो, गुलाबी रंग, बारीक कंबर. नराला मात्र काहीच लावावं लागत नाही, म्हणजे नुसतं कॅरेक्टर म्हटलं की तो 'तो' असतो आणि 'ती' करायची असेल तर वरून काहीतरी चिकटवायचं. याची चाचणी घ्यायची असेल तर ब्लूई हे कुत्र्यांच्या कुटुंबाचं ऑस्ट्रेलियाचं कार्टून बघा, २०१८ मध्ये सुरू झालेलं. ब्लूई मुलगी आहे, तिची बहीण बिंगोही मुलगी आहे, पण ब्लूई निळी आणि पापण्या-बो काही नाही, त्यामुळे कितीतरी मोठी माणसं तिला मुलगाच समजतात. ज्याने हे बघितलं नाहीये त्याला नुसता फोटो दाखवा आणि विचारा हा कोण, उत्तर काय येतं ते बघा.

आता मोजायचं. बोलणारी कॅरेक्टर्स किती, त्यात मुली किती, एवढं कागदावर लिहा. पण खरी गंमत आकड्याच्या पुढे आहे, प्रत्येक कॅरेक्टरचं एका शब्दात वर्णन करून बघा. स्मर्फ्स या निळ्या बुटक्यांच्या कार्टूनमध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं, एक शहाणा, एक चिडका, एक धांदरट, एक आळशी, आणि मग स्मर्फेट, तिचा गुण काय तर ती मुलगी आहे. स्मर्फ्स काढणारे बेल्जियमचे चित्रकार पेयो यांनी १९६६ मध्ये तिला कॉमिकमध्ये आणलं, आणि तीसुद्धा कशी तर व्हिलन गार्गामेल स्मर्फ्समध्ये भांडणं लावायला तिला बनवतो, तेव्हा तिचे केस काळे असतात आणि चांगली झाल्यावर सोनेरी होतात. पुढे १९९१ मध्ये कॅथा पॉलिट या अमेरिकन लेखिकेने मुलांच्या सगळ्या टोळीत एकच मुलगी ठेवायच्या या सवयीला स्मर्फेट प्रिन्सिपल असं नाव दिलं. लोकांना वाचवणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लांचं पॉ पेट्रोल २०१३ मध्ये आलं तेव्हाही सुरुवातीच्या सहा पिल्लांत मुलगी एकच होती, स्काय, आणि तिचा रंग गुलाबी.

एकच मुलगी असण्यातला तोटा नुसता संख्येचा नाही. एकटी असली की सगळ्या मुलींचं ओझं तिच्यावर, तिला आळशी करता येत नाही, भित्री करता येत नाही, उद्धट करता येत नाही, कारण मग मुली अशाच असतात असं दाखवल्यासारखं होतं, म्हणून ती कायम समजूतदार, हुशार आणि थोडी कंटाळवाणी राहते. २०१० मध्ये लॉरेन फॉस्ट यांनी माय लिटल पोनी हे छोट्या घोड्यांचं कार्टून नव्याने आणलं तेव्हा सहा मुख्य पोनी घेतल्या, एक पुस्तकी किडा, एक बढाया मारणारी खेळाडू, एक लाजाळू, एक शेतात राबणारी, एक पार्ट्यांची वेडी आणि एक कपड्यांची शौकीन. आता यात फॅशनवाली रॅरिटी साचा वाटत नाही, कारण मुलगी म्हणजे फॅशन असं ती एकटी सांगत नाहीये, शिवाय ती स्वतःचा धंदा चालवणारी मेहनती बाई आहे. म्हणून गुलाबी रंग दिसला की लगेच नावं ठेवू नका, बाकीच्या मुलींना काय काय असायची परवानगी आहे ते बघा.

बेक्डेल टेस्ट लावली तरी चालेल, १९८५ च्या अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या कॉमिक स्ट्रिपमधली, दोन बायका एकमेकींशी पुरुष सोडून दुसऱ्या कशावर बोलतात का एवढंच ती विचारते. पण दहा-अकरा मिनिटांच्या एपिसोडला ती अपुरी पडते, त्यापेक्षा अडचण आल्यावर सोडवायची आयडिया कोणाला सुचते, ओढत कोणाला नेतात आणि सॉरी कोण म्हणतं, हे तीन प्रश्न जास्त कामाचे.

मुलग्यांचे साचे लोक विसरतात आणि मला ते तितकेच वाईट वाटतात. डोरेमॉनमधला नोबिता रडका, खेळात कच्चा, आणि बोटांत दोरा अडकवून आकृत्या करण्यात एकदम उस्ताद. हे खरं तर कौशल्य आहे, पण ते मुलींचं मानलं जातं म्हणून त्याची चेष्टा होते. आणि शिझुका म्हणजे सगळ्यांची आदर्श मुलगी, तिच्या आंघोळीत नोबिता चुकून पोचतो हा विनोद वर्षानुवर्षं चालला, ज्यात तिला लाज वाटते आणि आपण हसायचं. मला डोरेमॉन आवडतं आणि तरीही हा विनोद मला चालत नाही, दोन्ही एकत्र खरं असू शकतं. त्याच शिझुकाला भाजलेली रताळी प्रचंड आवडतात आणि ती ते लपवते, व्हायोलिन भयंकर वाजवते पण हौसेने वाजवते. अशा जागा शोधा, साच्यातून माणूस बाहेर डोकावतो तो तिथे.

यामागे पैसा कसा चालतो तेही बघून ठेवा. अमेरिकेत १९८४ मध्ये एफसीसी या सरकारी यंत्रणेने मुलांच्या टीव्हीवरच्या जाहिरातींच्या वेळेची मर्यादा काढली आणि त्या काळात खेळण्यांवरून बनवलेल्या कार्टून्सचा पूर आला. खेळण्याच्या दुकानात मुलांचा रॅक वेगळा, मुलींचा वेगळा, म्हणून कार्टूनही वेगळं. खेळण्यांवरूनच बनवलेला हिरो ही-मॅन त्याच्या थोडं आधी, १९८३ मध्ये टीव्हीवर आला आणि मुलींसाठी १९८५ मध्ये त्याची जुळी बहीण शी-रा. म्हणून एखाद्या कॅरेक्टरबद्दल प्रश्न पडला तर तिची खेळणी बघा, सिरीजमध्ये ती मेन असून खेळण्यांच्या सेटमध्ये गायब आहे का ते बघा.

आता आपण फॅन्स काय करतो ते. माय लिटल पोनी बघणाऱ्या मोठ्या पुरुषांना ब्रोनी म्हणायला लागले, २०११ ते २०१९ त्यांचं ब्रोनीकॉन भरायचं, आणि त्यांना लोकांनी भरपूर चिडवलं. मुलींसाठी बनवलेली गोष्ट पुरुषाला आवडली तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मुलीने रोबो आवडीने बघितला की कौतुक आणि मुलाने पोनी बघितली की हसायचं, हाच तर साचा आहे, कोणी असं हसत असेल तर तिथेच थांबवा. पण दुसरी बाजू पण धरा. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर एन. डी. स्टीव्हन्सन यांची नवी शी-रा आली तेव्हा काही मोठ्या फॅन्सची तक्रार होती की ती पुरेशी आकर्षक दिसत नाही, आणि ती कथेत एक टीनेजर मुलगी आहे. तुमची लहानपणची आठवण तुमची आहे, पण सिरीज आजच्या मुलांसाठी बनतेय, त्यात आपल्याला हवं तसं दिसायची जबाबदारी त्या कॅरेक्टरवर टाकायची नाही.

घरात मूल बरोबर बघत असेल तर भाषण देऊ नका, एपिसोड मध्येच थांबवूही नका. संपल्यावर एकच प्रश्न विचारा, तो रडला तेव्हा सगळे का हसले? किंवा ही मुलगी नसून मुलगा असती तर गोष्ट कशी झाली असती? मुलं अशा प्रश्नांना फार भारी उत्तरं देतात, आणि नाही दिली तरी प्रश्न डोक्यात राहतो.

आणि फॅनआर्ट, म्हणजे आवडत्या कॅरेक्टरची स्वतः काढलेली चित्रं, ऑनलाइन टाकत असाल तर मोठ्यांसाठीचं काहीही कॅरेक्टरच्या साध्या नावाच्या टॅगखाली टाकू नका, वेगळं अकाउंट, एज लिमिट, स्पष्ट टॅग, कारण ते नाव सर्चमध्ये टाइप करणारं पहिलं माणूस बऱ्याचदा सहा-सात वर्षांचं असतं.