घाटातल्या हाफ मॅरेथॉनमध्ये दमछाक झाल्यावर

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून धावली जाते. सुमारे 21 किलोमीटरची ही शर्यत सातारा शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते, कास रस्त्यावर जाते आणि त्याच वाटेने परत फिरते. एरवी हे अंतर सहज कापणारे धावपटूही येथे बेजार होतात. त्याचे कारण बहुतेक वेळा सरावाची कमतरता नसून सपाटीवरचा वेग घाटातही टिकवण्याचा हट्ट हे असते.

चढ लागला की घड्याळातला पेस (एक किलोमीटरला लागणारा वेळ) पाहणे सोडावे आणि श्वासाकडे लक्ष द्यावे. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग योग्य आहे. दोन शब्दांतच धाप लागत असेल तर तो लगेच कमी करावा. पावले आखूड टाकावीत आणि कंबरेत वाकू नये, कारण वाकल्याने छाती दबते व श्वास अपुरा पडतो. तीव्र चढावर झपाझप चालण्यात कमीपणा नाही; धापा टाकत धावणारा तेथे फारसा पुढे जात नाही आणि चालणाऱ्याच्या मांड्या मात्र शाबूत राहतात. फक्त हे चालणे आधी ठरवून, एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत असावे, कारण पूर्ण गळाल्यावर चालू लागलेला धावपटू पुन्हा धावू लागणे अवघड असते.

दोन तासांहून अधिक वेळ लागणार असेल तर भुकेची वाट न पाहता तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्यावीत. मध्यम आकाराच्या केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात. पाणी तहानेनुसार प्यावे. वाटेत पाणी ठेवलेल्या दिसेल त्या टेबलावर पोटभर साधे पाणी पिण्याची सवय घातक ठरू शकते, कारण त्यामुळे रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. पायदुखीसाठी वाटेत वेदनाशामक गोळी घेणे तर पूर्णपणे टाळावे. आधीच ताणाखाली असलेल्या मूत्रपिंडांवर तिचा भार पडतो.

खरी कसोटी उतारावर असते, हे नवख्यांना पटत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि त्यांतील तंतूंना इजा होते. म्हणून टाच पुढे आपटत स्वतःला रोखण्याऐवजी गुडघे किंचित वाकवून जलद, छोटी पावले टाकावीत, आणि रस्ता ओला असल्यास रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नये. पोटरीत गोळा आला तर रस्त्याच्या कडेला थांबून पायाचा चवडा स्वतःकडे ओढावा, गोळा सुटेपर्यंत ताण धरावा आणि थोडे चालून मगच धावावे.

छातीत दुखणे, भोवळ येणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा गुडघ्यात तीव्र कळ उठणे, यांपैकी काहीही जाणवल्यास शर्यत तेथेच सोडून स्वयंसेवकाला किंवा रुग्णवाहिकेतील पथकाला सांगावे. मेडल कितीही जवळ दिसत असले तरी.

शर्यत संपताच बसू नये, दहा मिनिटे हळू चालावे. मांड्यांचे दुखणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते, त्यामुळे सोमवारी जिने उतरताना कठडा धरावा लागला तर घाबरू नये. मात्र लघवी गडद तपकिरी होऊ लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.