लग्नाचा व्हिडिओ आणायला निघण्याआधी

मामेबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ घ्यायला ३२ जीबीचा नवाकोरा पेनड्राइव्ह खिशात टाकून गेलो, तर पहिल्याच फाइलला कॉम्प्युटरने हात वर केले. म्हणे, फाइल फार मोठी आहे. फाइल होती ७ जीबीची आणि पेनड्राइव्ह अख्खा रिकामा!

म्हणून आता निघण्याआधी घरीच पेनड्राइव्ह लावतो, राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडतो आणि ‘फाइल सिस्टिम’समोर, म्हणजे ड्राइव्हवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत कोणती त्यासमोर, काय लिहिलंय ते बघतो. फॅट३२ असेल तर कितीही जागा असो, ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यात जाणार नाही. फाइलचा आकार तिथे ३२ बिटांत नोंदवतात, त्यामुळे गाडी ४,२९,४९,६७,२९५ बाइटवर थांबते. उपाय म्हणजे एक्सफॅट या दुसऱ्या, ही मर्यादा नसलेल्या पद्धतीत फॉरमॅट करणं. त्यात आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधीचा माल दुसरीकडे हलवून ठेवा. पण त्याहीआधी एक विचारून घ्या: व्हिडिओ बघणार कशावर? मामाकडच्या जुन्या टीव्हीला एक्सफॅट कळतच नाही. तसं असेल तर फॅट३२ राहू द्या आणि स्टुडिओवाल्याला ४ जीबीच्या आतले तुकडे करून मागा. एनटीएफएस ही तिसरी पद्धत विंडोजवर उत्तम, पण मॅक ते नुसतं वाचतो, त्यावर लिहीत नाही.

पेनड्राइव्ह स्वस्तात मिळालेला, ‘१ टीबी’ वगैरे असेल तर आदल्या रात्री एच२टेस्टडब्ल्यू लावून झोपा. हा छोटा प्रोग्रॅम ड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि भरलेलं परत वाचून बघतो. खोट्या, म्हणजे वर लिहिलेली जागा आत नसलेल्या ड्राइव्हवर कॉपी बिनबोभाट होते, फाइल्सची नावंही दिसतात, उघडायला गेलं की आत काही नाही. यासारखा वैताग नाही.

कॅमेऱ्याचं एसडी कार्ड ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर कडेची इवलीशी पट्टी बहुधा लॉककडे सरकलेली असते, ती वर करा. पोर्ट शक्यतो निळा धरा, तो बहुधा वेगवान यूएसबी ३ चा असतो. हजारो फोटो सुटे कॉपी करायला फार वेळ खातात. झिप करून एकाच फाइलमध्ये बांधलेले बरे. अर्थात झिप ४ जीबीच्या वर गेली आणि ड्राइव्ह फॅट३२ असला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

कॉपी किती झाली ते दाखवणारी स्क्रीनवरची पट्टी शंभर टक्क्यांवर गेली की लगेच उपटायची घाई नको. लिनक्सवर तर पट्टी संपल्यावरही लिहिणं मागे चालूच असतं. इजेक्ट करा, काढा, पुन्हा लावा, दोन्हीकडचे बाइट जुळतात का बघा. मग व्हिडिओ सुरू करून थेट शेवटाकडे न्या. आमच्याकडे पाठवणी शेवटच्या दहा मिनिटांत आहे. ती अडखळत नाही हे बघितल्यावरच स्टुडिओवाल्याला म्हणालो, आता कार्ड रिकामं करा.